इस्त्रीच्या टेबलाचा तिसरा पाय

इतिहास दोन प्रकारचा असतो: एक घडलेला आणि दुसरा शिक्का मारलेला. पहिल्यात माणसं जन्मतात, राबतात, मरतात आणि मागे भलताच पसारा ठेवून जातात. दुसरा स्वच्छ असतो आणि फायलीत मावतो. सुसंस्कृत समाजाने दुसऱ्याचीच कास धरावी याबद्दल जाणकारांत दुमत नाही. अटलांटातले मोबाइल ॲपचे डिझाइनर श्री. अलोन्झो गेदर्स यांचंही नव्हतं.

अलोन्झोला ही सद्बुद्धी सुचली ती एका फेब्रुवारीत. (आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासासाठी देशाने वर्षातला एक अख्खा महिना काढून दिलेला आहे. तो नेमका सगळ्यांत आखूड निघाला, त्याला कोण काय करणार?) त्या महिन्यात ऑफिसातल्या एकुलत्या एका काळ्या माणसाने बाकीच्यांसमोर पंधरा मिनिटं बोलावं, अशी कंपनीची थोर परंपरा होती. अलोन्झोने पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, की इस्त्रीच्या टेबलाचा तिसरा पाय त्याच्या घराण्यातल्या एका पूर्वजाने शोधून काढला. ही गोष्ट गेदर्सांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली. दर उन्हाळ्यात सगळं खानदान एकाच रंगाचे टी-शर्ट घालून बागेत जमलं की रूफसकाका ती सांगायचे, आणि पायाचा आकार हातातल्या कोंबडीच्या तंगडीने दाखवायचे. त्यावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती, कारण तोंडात तळलेली कोंबडी असताना शंका घेता येत नाही. ऑफिसात मात्र सगळ्यांची तोंडं मोकळी होती. मागच्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईंनी हात वर केला आणि अगदी मधाळ आवाजात विचारलं, "किती छान! याचा संदर्भ कुठे मिळेल हो?"

अलोन्झोच्या तोंडून "रूफसकाका" एवढंच बाहेर पडलं.

त्या दिवशी त्याने शपथ घेतली, की यापुढे एकाही काळ्या माणसावर असं तोंडघशी पडायची पाळी येऊ द्यायची नाही. आपल्या इतिहासाचं एक ॲप काढायचं, आणि ते इतकं विश्वासार्ह करायचं, की मधाळ आवाजाच्या बाईंनी हात वर करण्याआधीच संदर्भ त्यांच्या तोंडावर आपटला पाहिजे. ॲपचं नाव ठरलं 'पुरावा'. एका संस्थेने पाठबळ दिलं आणि नऊ जणांची समिती बसली.

ॲप उभं राहायला चौदा महिने लागले. त्यातले अकरा महिने ॲपच्या चिन्हाचा तपकिरी रंग ठरवण्यात गेले. नऊ सभासदांनी नऊ तपकिरी रंग आणले: कुणी काकवीचा, कुणी दालचिनीचा, कुणी भाजलेल्या पेकान अक्रोडाचा. प्रत्येकाने आपापल्या चेहऱ्याशी मिळता रंग आणला होता, हे मतदानात प्रत्येक रंगाला एकेकच मत पडल्यावर उघड झालं. शेवटी नऊच्या नऊ रंग एकत्र कालवले. जो तयार झाला तो कुणाच्याच चेहऱ्याचा नव्हता, म्हणून एकमताने मंजूर झाला. मग ॲप उघडताना ढोल वाजावा असं ठरलं. तो ढोल आफ्रिकेच्या कुठल्या भागातला, असं समितीवरच्या इतिहासतज्ज्ञ डॉ. जोसेलिन फॉन्टेनो यांनी विचारलं. चौकशीअंती तो इथल्याच सिनसिनाटी शहरातल्या एका गृहस्थाने जेवणाच्या टेबलावर वाजवल्याचं निष्पन्न झालं. उरलेल्या तीन महिन्यांत इतिहास बसवला.

ॲपचा प्राण म्हणजे अलोन्झोने स्वतः जिवापाड मेहनतीने बनवलेला विश्वासार्हता-मापक. कोणताही कागद फोनसमोर धरावा, ढोल वाजतो आणि शंभरपैकी गुण मिळतात. सरकारी शिक्क्याला चाळीस. ग्रंथालयात नोंद असेल तर तीस. लिहिणाऱ्याच्या नावामागे 'डॉक्टर' असेल तर वीस. गोऱ्यांच्या जुन्या वर्तमानपत्रात उल्लेख असेल तर दहा (उल्लेख पकडवॉरंटाचा असला तरी चालेल, आपल्या लोकांचा बहुधा तोच असे). 'माझी आत्या म्हणते' याला शून्य, आणि 'माझी आत्या ठासून म्हणते' याला उणे पाच.

डॉ. जोसेलिनबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अलोन्झो, आपल्या लोकांना त्या काळी शिक्क्याच्या खोलीत पाय ठेवू देत नव्हते. आणि तू शिक्क्याला चाळीस गुण देतोस?"

"नियम म्हणजे नियम, डॉक्टर. उद्या कुणी बोट ठेवता कामा नये."

"बोट ठेवायला आपण त्यात उरलो तर पाहिजे ना!"

हे मत इतिवृत्तात 'रंगाव्यतिरिक्त किरकोळ चर्चा' या सदराखाली नोंदवलं गेलं.

ॲपमध्ये शिरताना पहिलाच प्रश्न येई: 'आपल्या पणजीचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह.' हा प्रश्न अलोन्झोचा फार लाडका. आपली मुळं, आपली माती वगैरे म्हणताना तो डोळे मिटून छातीवर हात ठेवायचा. नाव माहीत नसलेल्यांसाठी खाली उजव्या कोपऱ्यात 'नंतर' असं एक हिरवं बटण होतं. पुढे आकडे आले ते असे: वापरणाऱ्यांपैकी ९१ टक्के लोकांनी 'नंतर' दाबलं, ६ टक्क्यांनी 'चेरोकी राजकन्या' असं लिहिलं आणि ३ टक्क्यांनी नाव लिहिलं. (कंबरेपर्यंत केस असलेली मूळनिवासी चेरोकी जमातीची राजकन्या प्रत्येक काळ्या घराच्या पूर्वजांत एक तरी निघतेच. त्या जमातीत राजकन्यांखेरीज दुसरं कुणी जन्मलंच नसावं.) चाचणीच्या दिवसांत खुद्द अलोन्झोने तेरा वेळा 'नंतर' दाबलं. तो कामात होता.

ॲप लोकांपुढे येण्याआधी ते एखाद्या खऱ्याखुऱ्या घरात वापरून पाहावं म्हणून एका रविवारी तो टॅलिसनला गेला. टॅलिसन म्हणजे त्याच्या वडिलांचं गाव, अटलांटापासून अडीच तासांवर. तिथे त्याची ओझेलाआत्या राहते. वय त्र्याऐंशी, माउंट टेबर चर्चची साठ वर्षांची चिटणीस, आणि चर्चला घालायच्या सव्वीस टोप्यांची मालकीण. टोप्या खुर्च्यांवर, पलंगावर, टीव्हीवर जागा मिळेल तिथे बसलेल्या असायच्या, कारण टोप्यांचे गोल डबे रिकामे नव्हते. त्यांत चर्चमधल्या प्रत्येक अंत्यविधीला वाटलेली पुस्तिका आत्याने जपून ठेवली होती. मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो, आत त्याची जन्मकथा, मागे खांदेकऱ्यांची नावं, कुठे पुरलं, आणि नंतरच्या जेवणाला कुणी काय आणलं.

"आधी जेव," आत्या म्हणाली.

"आत्या, दोन मिनिटं. फक्त एक फोटो."

"पालेभाजी निवतेय आणि हा फोटो काढतोय! काढ बाबा, काढ."

अलोन्झोने सगळ्यांत जुन्या डब्यातली अगदी वरची पुस्तिका उचलली, नावबिव न बघता फोनसमोर धरली. ढोल वाजला. शंभरपैकी चार. शिक्का नाही, लेखक 'घरचे लोक', प्रकाशक फुलंही विकणारा अंत्यविधीवाला. शिवाय वर 'सूर्योदय १८८९, सूर्यास्त १९६१' असं छापलेलं (आपल्याकडे जन्म-मृत्यू असेच लिहितात), त्यावर ॲपने शेरा मारला की बहात्तर वर्षांचा दिवस संभवत नाही. मिळाले ते चार गुण कागद जाड असल्याबद्दल होते.

"किती?" आत्याने विचारलं.

"चार."

"पाचपैकी?"

"शंभरपैकी, आत्या."

आत्याने मक्याच्या पावाचा तुकडा ताटात ठेवला. "अरे, ती पुस्तिका मी स्वतः टाइप केलीय. एकोणीस वर्षांची होते. एक खांदेकरी चुकला, तर पास्टरांनी सगळी पुन्हा टाइप करायला लावली. तुझ्या त्या फोनचं वय काय?"

"दोन वर्षं."

"मग त्याला म्हणावं, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये."

अलोन्झो हसला. म्हातारी माणसं, भावना समजण्यासारख्या आहेत, असं त्याने नोंदवून घेतलं आणि जेवायला बसला. परत निघताना आत्याने त्याच्यासोबत केकचा अर्धा तुकडा बांधून दिला. एरवी ती अख्खा केक देत असे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत 'पुरावा' आलं आणि नुसता जयजयकार झाला. एक लाख बारा हजार लोकांनी ते फोनवर घेतलं (त्यातल्या ८३ टक्क्यांनी एक मार्चला ते काढून टाकलं). शाळांनी वापरलं, दोन पारितोषिकं मिळाली. एका समारंभात अलोन्झो म्हणाला, "आम्ही आमच्या इतिहासाला दाराशी पहारेकरी दिला आहे." त्यावर उभं राहून टाळ्या पडल्या. पहारेकरी घरच्याच माणसांना आत सोडत नव्हता, पण टाळ्या वाजवणारे बाहेरचे असल्यामुळे त्यांना त्याची झळ लागली नाही.

ऑक्टोबरमध्ये आत्याचा फोन आला. ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"लोंझो, काउंटीवाले रस्ता रुंद करतायत. चर्चच्या मागून नेणारेत."

"मागे काय आहे आत्या? झाडीच आहे ना?"

"मागे माझी आजी आहे, बाळा," ती म्हणाली. "मंगळवारी चार वाजता सुनावणी आहे. जमलं तर ये."

त्या झाडीची हकिकत अशी. माउंट टेबरच्या लोकांना थडग्यावर दगड बसवणं झेपत नव्हतं, म्हणून ज्याला पुरलं त्याच्या डोक्याशी टोकदार पानांचं एक झुडूप लावायची रीत पडली. झुडूप मरत नाही, आणि दगडासारखं चोरीलाही जात नाही. १९३८ साली काउंटीच्या मोजणीदाराने ती जागा लांबून पाहिली आणि नकाशावर लिहिलं, 'रिकामी जमीन, झुडपे'. त्याने खोटं काहीच लिहिलं नाही. झुडपं होतीच.

मंगळवारी काउंटीच्या सभागृहात माउंट टेबरची झाडून सगळी मंडळी आली होती. पुढच्या रांगेत जांभळी टोपी घालून आत्या, मांडीवर एक डबा, पायाशी सहा. रस्ते विभागाचे श्री. व्हिटलो म्हणजे मोठे सज्जन आणि मृदू गृहस्थ. ते उठून म्हणाले, "तुमच्या समाजाच्या भावना दुखवायच्या नाहीत, असं आम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं. म्हणून सरकारी कागदांवर न थांबता आम्ही मुद्दाम तुमच्याच माणसाने बनवलेलं ॲप वापरलं." त्यांनी फोन उघडला. सभागृहात सिनसिनाटीच्या गृहस्थाचा ढोल दुमदुमला. "'माउंट टेबर चर्चमागील जागा. दफनभूमी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. रिकामी जमीन, झुडपे. विश्वासार्हता सत्त्याण्णव.' आणि आमच्या सुदैवाने ते ॲप बनवणारे श्री. गेदर्स आज इथेच हजर आहेत. आपले आभार, साहेब."

अख्खं सभागृह मान वळवून अलोन्झोकडे पाहू लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माणसाने तक्रार तरी कुणाकडे करावी? त्याला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण त्या गावात धरणीच्या पोटात कोण आहे आणि कोण नाही हे ठरवायचं काम त्याने आपल्याच फोनवर सोपवलं होतं.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. आत्या उठली. भाषणबिषण काही नाही. तिने डब्यातून एकेक पुस्तिका काढून नुसती नावं वाचायला सुरुवात केली. नाव, सूर्योदय, सूर्यास्त, कुठल्या रांगेत पुरलं, शेजारी कोण. चौतीस नावं झाली आणि घंटा वाजली.

"वेळ संपली, मॅडम."

मागून न्हावी ऑर्व्हिल उठला. "माझी तीन मिनिटं मिस ओझेलाला."

आत्या पुढे वाचू लागली. पुन्हा घंटा. भजनमंडळातली एक बाई उठली, "माझी पण तिलाच." मग तिची बहीण. मग ज्यांचं आत्याशी वीस वर्षं पटत नाही ते चर्चचे कारभारी डीकन उठले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "घ्या माझी. पण माझ्या बापाचं नाव नीट वाचा." असं करत करत नंबर अलोन्झोचा आला. त्यालाही आपली मिनिटं द्यायचीच होती, पण कारकून बाईंसमोर अर्ज होता आणि अर्जात रकाने होते. नियम म्हणजे नियम.

"नाव?"

"अलोन्झो गेदर्स."

"या जागेशी संबंध?"

"माझी पणजी तिथे पुरलेली आहे."

"तिचं नाव?"

अलोन्झोने तोंड उघडलं. टी-शर्ट आठवले, रूफसकाकांची तंगडी आठवली, कंबरेपर्यंतचे केसही आठवले. नाव काही आठवेना. आठवायला ते आधी ठाऊक तर असायला हवं! बाईंची लेखणी कागदावर टेकलेली, मागे दीडशे माणसं श्वास धरून बसलेली. शेवटी तो हळूच म्हणाला, "नंतर सांगतो."

बाईंनी लिहिलं, 'नंतर'.

"अर्झुला," पुढच्या रांगेतून आवाज आला. आत्याने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. "अर्झुला गेदर्स, माहेरची पिंकार्ड. लिहून घ्या बाई. याने फोटो काढलाय तिचा. चार गुण दिलेत."

आणि तिने ती पुस्तिका उघडली, सगळ्यांत जुन्या डब्यातली अगदी वरची. सूर्योदय १८८९, सूर्यास्त १९६१. फोटोतल्या बाईचे केस फडक्याखाली दडलेले, जेमतेम मानेपर्यंत. आत्या वाचत गेली. अर्झुलाबाईंनी सत्तेचाळीस वर्षं टॅलिसनच्या गोऱ्या घरांतले कपडे धुतले आणि इस्त्री केले. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय मोडला. नवीन टेबल आणणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांचे यजमान एझ्रा यांनी पीचच्या झाडाची दुबेळकी फांदी तोडून मोडक्या पायाच्या जागी ठोकली. त्या टेबलावर अर्झुलाबाईंनी सात मुलं वाढवली, तिघांना शाळेत पाठवलं, आणि काउंटीच्या न्यायाधीशाचा सदरा मरेपर्यंत एकदाही जाळला नाही. चौथ्या रांगेत पुरलं, डावीकडून सहावी, झुडूप एझ्राने लावलं.

अलोन्झो त्या कारकून बाईंच्या टेबलासमोर उभ्या उभ्या रडला. त्याला त्याची लाजही वाटली नाही. ॲपसाठी तो राज्यभरातली ग्रंथालयं पालथी घालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"माझी तीन मिनिटं," तो म्हणाला, "आत्याला."

मंडळाने भावनांचा पूर्ण आदर राखून ठराव केला, की नुसती नावं वाचून जमीन भरत नाही. प्रत्यक्ष तपासणी व्हावी. जमिनीत खुपसून थडगी शोधायला लोखंडी सळया घेऊन माणसं आली. पुढे जांभळी टोपी, मागे सळया. पुस्तिकांप्रमाणे थडगी दोनशे चौदा, सळयांना लागली दोनशे बारा. श्री. व्हिटलो खेदाने म्हणाले, "दोन कमी भरतायत, मॅडम."

"ओकच्या झाडाच्या दोन्ही बाजूंना बघा," आत्या म्हणाली. "ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एकाला ओकच्या या बाजूला ठेवलाय, दुसऱ्याला त्या बाजूला."

ते दोघे तिथेच निघाले, एकमेकांकडे पाठ करून. आता रस्ता माउंट टेबरपाशी आल्यावर डावीकडे वळतो.

तपासणीचा अहवाल शिक्क्यासह प्रसिद्ध झाला आणि 'पुरावा'ने त्याला सत्त्याण्णव गुण दिले. अहवालाच्या तळटीपेत माहितीचा आधार म्हणून 'स्थानिक स्त्री' एवढीच नोंद आहे. पुस्तिकांचे चार गुण वाढवावेत म्हणून अलोन्झोने समितीपुढे प्रस्ताव ठेवला. डॉ. जोसेलिनबाईंनी अनुमोदन दिलं, बाकीचे सात जण विचार करतायत. दरम्यान चिन्हाचा रंग थोडा फिका करावा अशी एक सूचना आल्यामुळे तो विषय मागे पडला आहे. उन्हाळ्यात खानदान जमलं तेव्हा रूफसकाकांनी तिसऱ्या पायाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी पुस्तिकेची झेरॉक्स बाजूलाच होती, तरी पूर्वजाने तो पाय 'शोधून काढला' असंच म्हणाले. आत्याने अलोन्झोला अख्खा केक दिला.

अलोन्झोने मात्र एक गोष्ट कुणाला न विचारता केली. त्याने ॲपमधलं 'नंतर' हे बटण काढून टाकलं. पणजीचं नाव लिहा, नाहीतर घरी फोन करून विचारा आणि मग या. आठवड्याभरात वापरणारे ८८ टक्क्यांनी घटले. पाठबळ देणाऱ्या संस्थेचं सौम्य पत्र आलं. त्यामुळे बटण परत बसवलं आहे, आणि लोकांच्या सोयीसाठी आधीपेक्षा मोठं केलं आहे.

तुम्ही इथवर वाचलंत, अलोन्झोला मनातून हसलात, आत्याचं कौतुकही केलंत. उत्तम. आता तेवढं आपल्या पणजीचं नाव सांगा. वडिलांकडची नको, ती घरात कुठेतरी लिहून ठेवलेली असते. आईच्या आईची आई. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह.

नाही आठवत? काही घाई नाही. खाली उजव्या कोपऱ्यात हिरवं बटण आहे.